एक सल्लागार, दोन अहवाल

१९४४ सालच्या सप्टेंबर महिन्यात बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले एक प्राध्यापक कॅनडाच्या सास्काचेवान प्रांतातील गहू पिकवणाऱ्या खेड्यांतून हिंडत होते. त्याच वर्षाच्या अखेरीस हेच गृहस्थ भारतात होते. दोन्ही ठिकाणी त्यांना विचारलेला प्रश्न एकच होता : इथल्या लोकांच्या आरोग्याची व्यवस्था कशी लावावी? त्यांचे नाव हेन्री सिगरिस्ट. गंमत अशी, की ते रुग्ण तपासणारे डॉक्टर म्हणून प्रसिद्ध नव्हते, प्रशासक तर नव्हतेच. ते वैद्यकाचे इतिहासकार होते. एका वर्षात दोन सरकारांनी एका इतिहासकाराला सल्ला विचारावा, ही घटना आज आपल्याला अजब वाटते. आजकाल इतिहासकारांना बोलावतात ते बहुधा उद्घाटनाला.

या दोन प्रवासांपैकी एकातून जे उभे राहिले, ते पुढे कॅनडाभर पसरले. दुसऱ्यातून उभे राहिले ते प्रामुख्याने कागदावर. असे का झाले, हा या लेखाचा विषय आहे. ‘कॅनडा श्रीमंत आणि भारत गरीब’ हे उत्तर जिभेच्या टोकावर असते, आणि ते खोटेही नाही. परंतु ते फार लवकर मिळते, म्हणून मला त्याचा संशय येतो.

देशोदेशींच्या आरोग्यव्यवस्थांची तुलना करून आपली व्यवस्था सुधारावी, ही कल्पना तेव्हाही नवी नव्हती. बिस्मार्क यांच्या जर्मनीने १८८३ साली कामगारांसाठी आजारपणाच्या विम्याचा कायदा केला. पंचवीस वर्षांनी, १९०८ साली, ब्रिटनचे अर्थमंत्री लॉइड जॉर्ज जर्मनीला जाऊन आले आणि विम्याच्या कल्पनेने भारावून परतले. पुढे त्यांनी ब्रेथवेट नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याला जर्मनीला पिटाळले. तो घाईघाईने माहिती गोळा करून ३ जानेवारी १९११ रोजी फ्रान्समधील नीस येथे सुट्टीवर असलेल्या मंत्र्यांपुढे हजर झाला, आणि समुद्रातल्या धक्क्यावर खुर्च्या मांडून त्याने जर्मन विम्याचे मर्म त्यांना समजावून सांगितले. त्याच वर्षी ब्रिटनचा राष्ट्रीय विमा कायदा झाला. जर्मन पद्धत ब्रिटनमध्ये आली ती मात्र ब्रिटिश अंगरखा घालून : तिथे आधीपासून असलेल्या कामगारांच्या परस्परसाहाय्य मंडळ्यांना आणि विमा कंपन्यांना सामावून घेत. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हा प्रकार ओळखीचा वाटावा. गोविंद बल्लाळ देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला तेव्हा त्यांनाही मूळ नाटकातले काय ठेवायचे आणि काय आपल्या रंगभूमीकडून घ्यायचे, हा निर्णय पदोपदी करावा लागला असणार. भाषांतर आणि रूपांतर यांतला भेद कायद्यांनाही लागू पडतो.

सिगरिस्ट यांच्याकडे वळू. त्यांचा जन्म १८९१ सालचा, पॅरिसमधला, आईवडील स्विस. तरुणपणी त्यांना पौर्वात्य भाषांचा अभ्यास करायचा होता, नंतर ते वैद्यकाकडे वळले आणि अखेर वैद्यकाच्या इतिहासात दोन्ही ओढी एकत्र आल्या. १९२५ साली लाइपझिग येथे आणि १९३२ पासून बाल्टिमोरला ते वैद्यकेतिहासाच्या संस्थेचे प्रमुख होते. आजाराचा इतिहास म्हणजे थोर डॉक्टरांच्या शोधांची माळ नव्हे, तर समाज आपल्या आजारी माणसांशी कसा वागतो याचा इतिहास, अशी त्यांची धारणा. त्यामुळे सोव्हिएत रशियातील सरकारी वैद्यकसेवेकडे ते ओढले गेले. ते तिथे अनेकदा गेले आणि १९३७ साली त्यांनी त्या व्यवस्थेवर एक पुस्तक लिहिले. ते पुस्तक आज वाचताना अस्वस्थ व्हायला होते. दवाखाने, प्रसूतिगृहे, कारखान्यांतील आरोग्यकेंद्रे यांचे वर्णन त्यात आहे. परंतु १९३२-३३ सालच्या युक्रेनमधील दुष्काळात लाखो माणसे मेली, आणि पुस्तक बाहेर पडले त्याच वर्षी स्टालिनची धरपकड शिगेला पोचली होती, याची सावली त्यावर पडलेली नाही. पाहुण्याला जे दाखवले जाते ते तो पाहतो. तौलनिक अभ्यासाचा हा जुना आजार आहे : आपल्या घरातले दुखणे आपल्याला आतून माहीत असते, दुसऱ्याचे घर आपण दिवाणखान्यातून पाहतो.

तरीही सिगरिस्ट यांना केवळ भाबडे ठरवून मोकळे होणे अन्यायाचे होईल. सास्काचेवानमध्ये ते गेले तेव्हा त्यांनी रशिया तिथे नेऊन बसवला नाही.

सास्काचेवान हा आकाराने महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा प्रांत. वस्ती मात्र त्या काळी नऊ लाखांच्या आसपास. तीसच्या दशकातील मंदी आणि अवर्षण या दोहोंनी तो मोडला होता. इतक्या विरळ वस्तीत डॉक्टर टिकत नसत, कारण त्यांना पैसे द्यायला कोणाकडे पैसेच नसत. म्हणून तिथल्या शेतकऱ्यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारासच एक उपाय काढला होता. ग्रामीण नगरपालिकेने कर गोळा करायचा आणि त्यातून डॉक्टरला वार्षिक पगार द्यायचा. आजूबाजूच्या काही पालिकांनी मिळून इस्पितळ बांधायचे. प्रांतिक सरकारने त्याला कायद्याचा आधार नंतर दिला. पुढे मॅकिलॉप या पालिकेचे प्रमुख मॅथ्यू अँडरसन यांनी माणशी वार्षिक वर्गणीतून वैद्यकसेवेची योजना आखली, आणि तिच्यासाठी १९३९ साली प्रांताने स्वतंत्र कायदा केला. अँडरसन हे मूळचे नॉर्वेचे; मायदेशातील आजारपणाच्या विम्याची व्यवस्था त्यांच्या परिचयाची होती. म्हणजे तुलना इथेही होतीच. फक्त ती कोणा आयोगाने केलेली नव्हती, एका स्थलांतरित शेतकऱ्याच्या डोक्यातून आलेली होती.

१९४४ च्या जूनमध्ये टॉमी डग्लस यांचा समाजवादी पक्ष तिथे निवडून आला. डग्लस यांचे स्वतःचे एक बालपणीचे दुखणे होते. पायाच्या हाडाला जंतुसंसर्ग झाला होता, घरी पैसे नव्हते, पाय कापायची वेळ आली होती. एका नामांकित शल्यचिकित्सकाने विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी ही केस फुकट घेतली, म्हणून पाय वाचला. आपला पाय नशिबाने वाचला, हक्काने नव्हे, हे ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले. मुख्यमंत्रिपदाबरोबर आरोग्यखातेही त्यांनी स्वतःकडे ठेवले आणि सिगरिस्ट यांना बोलावले. काही आठवडे प्रांतभर फिरून ऑक्टोबरच्या आरंभी अहवाल सादर झाला. तो लहानसा आहे. पालिकांच्या पगारी डॉक्टरांची पद्धत आहे ती वाढवा. प्रांताचे आरोग्य-जिल्हे पाडा. खेड्यांत मोजक्या खाटांची केंद्रे काढा. क्षय, मनोविकार, कर्करोग, गुप्तरोग यांचे उपचार मोफत करा. सास्काटून येथे वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडून मोठे इस्पितळ उभारा. यात थक्क करणारे काहीच नाही, आणि माझ्या मते हाच त्याचा गुण. सल्लागाराने यजमानाचेच सामान नीट लावून दिले.

पुढचा क्रम थोडक्यात सांगतो. १९४६ साली स्विफ्ट करंट या भागात करातून चालणारी संपूर्ण वैद्यकसेवा सुरू झाली. १ जानेवारी १९४७ पासून प्रांतभर इस्पितळाचा विमा आला. वर्गणी माणशी वर्षाला पाच डॉलर. १ जुलै १९६२ रोजी डॉक्टरांच्या सेवेचाही विमा लागू झाला, त्याच दिवशी डॉक्टर संपावर गेले आणि तो संप तेवीस दिवस चालला. सरकारने ब्रिटनहून डॉक्टर आणले. अखेर तडजोड झाली : विमा राहिला, परंतु डॉक्टर पगारी नोकर झाले नाहीत, दर सेवेमागे बिल सरकारला लावण्याची मुभा त्यांना मिळाली. सिगरिस्ट यांना पगारी डॉक्टर हवे होते. म्हणजे यशस्वी ठरलेल्या ठिकाणीही त्यांचा सल्ला अर्धाच टिकला. १९६६ सालच्या केंद्रीय कायद्याने हा नमुना देशभर नेला आणि १९७२ पर्यंत सर्व प्रांत त्यात आले.

आता भारत. ऑक्टोबर १९४३ मध्ये, म्हणजे बंगालच्या दुष्काळात माणसे रस्त्यांवर मरत असताना, ब्रिटिश सरकारने आरोग्य-पाहणी व विकास समिती नेमली. अध्यक्ष होते सर जोसेफ विल्यम भोर. (आपल्याकडे अनेकांची समजूत ‘भोर समिती’ म्हणजे पुण्याजवळच्या भोर संस्थानाची कसलीशी समिती, अशी होते. एका परिसंवादात मी स्वतः हे ऐकले आहे.) भोर हे नाशिकमध्ये जन्मलेले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले सनदी अधिकारी, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य राहिलेले. ज्या व्यवस्थेने आयुष्यभर मान दिला, तिच्या कारभाराचा हिशेब मांडण्याचे काम निवृत्तीनंतर त्यांच्याकडे आले. समितीने परदेशांतून तज्ज्ञ बोलावले : ऑक्सफर्डमधील सामाजिक वैद्यकाचे प्राध्यापक जॉन राइल, ऑस्ट्रेलियाचे कम्प्स्टन, अमेरिकेचे माउंटिन, आणि सिगरिस्ट. चार खंडांचा अहवाल १९४६ साली आला.

त्या अहवालाचे पहिले काही तक्ते मराठीच्या वर्गातसुद्धा वाचून दाखवावेत, असे मला वाटते. १९३७ साली न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी एकतीस मुले वर्षाच्या आत दगावत. ब्रिटिश भारतात एकशे बासष्ट. दर हजारी मृत्यू तिकडे ९.१, इकडे २२.४. तिथल्या नवजात मुलाच्या आयुर्मानाची अपेक्षा पासष्ट वर्षांची, इथल्या मुलाची सुमारे सत्तावीस. ब्रिटनमध्ये हजार माणसांमागे एक डॉक्टर, इथे सहा हजार तीनशे माणसांमागे एक. तिथे तीनशे माणसांमागे एक परिचारिका, इथे त्रेचाळीस हजारांमागे एक. इंग्लंड-वेल्समध्ये दर हजार वस्तीला सात खाटा, इथे पाव खाट. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, ब्रिटिश भारत : हे सारे एकाच साम्राज्याचे भाग. एकाच राजमुकुटाखाली जन्मलेल्या दोन मुलांच्या आयुष्यांत अडतीस वर्षांचे अंतर असू शकते, हे सरकारी छपाईत, सरकारनेच नेमलेल्या समितीच्या सहीने लिहिले गेले. तक्ता म्हटला की आपल्याला रुक्षपणा आठवतो. परंतु दादाभाई नौरोजींपासून आपल्याकडे तक्ता हे आरोपपत्राचे रूप राहिले आहे, आणि भोर यांचे हे तक्ते त्याच परंपरेत बसतात, मग त्यांचा हेतू तसा असो वा नसो.

तुलना आरोपासाठी अशी धारदार ठरली. आराखड्यासाठी मात्र तिनेच घात केला, असे माझे मत झाले आहे.

समितीने दोन टप्पे सुचवले. पहिल्या टप्प्यात चाळीस हजार वस्तीला एक प्राथमिक केंद्र : दोन डॉक्टर, चार सार्वजनिक आरोग्य परिचारिका, चार सुईणी आणि इतर सेवक. दीर्घ टप्प्यात दहा ते वीस हजार वस्तीला पंचाहत्तर खाटांचे इस्पितळ, त्यावर साडेसहाशे खाटांचे, आणि जिल्ह्याला अडीच हजार खाटांचे. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांना मुकू नये, हे तत्त्व त्यामागे होते. ते थोर आहे. पण जरा हिशेब करून पाहा. ब्रिटिश भारताची वस्ती तीस कोटी. वीस हजारांना एक इस्पितळ धरले तरी पंधरा हजार इस्पितळे, म्हणजे केवळ तळाच्या पातळीवर सव्वाअकरा लाख खाटा. तेव्हा देशात होत्या सत्तर-पंचाहत्तर हजार. हा आकडा आला कुठून? तो इथल्या एखाद्या तालुक्यात काय चालू शकले यातून आलेला नाही. तो पुढारलेल्या देशांच्या तक्त्याकडे पाहून, तिथवर पोचायचे तर किती लागेल, असा मागे मोजत आलेला आहे. सास्काचेवानमध्ये सिगरिस्ट यांच्यापुढे पालिकेचा डॉक्टर उभा होता. त्याला दोन पावले पुढे न्यायचे होते. इथे समितीपुढे न्यूझीलंड उभा होता.

याहून दूरवर परिणाम करणारा निर्णय डॉक्टरांविषयीचा. त्या वेळी देशात सुमारे सत्तेचाळीस हजार नोंदणीकृत डॉक्टर होते, आणि त्यांपैकी तीस हजारांच्या आसपास पदवीधर नव्हते. वैद्यकीय शाळांतून कमी मुदतीचा अभ्यासक्रम पुरा केलेले परवानाधारक होते. तालुक्याच्या गावी, बाजारपेठेत, रेल्वेच्या दवाखान्यात भेटणारा डॉक्टर बहुधा हाच असे. समितीच्या बहुमताने ठरवले की ही दुय्यम प्रत बंद करावी आणि देशात एकाच दर्जाचा, पदवीधर, समाजाभिमुख डॉक्टर घडवावा. काही सदस्यांनी याला लेखी विरोध केला; इतके डॉक्टर घडेपर्यंत खेड्यांनी काय करायचे, हा त्यांचा सवाल होता. बहुमतामागची भावना समजण्यासारखी आहे. साहेबाला पदवीधर डॉक्टर आणि नेटिवाला अर्धशिक्षित, हा भेद स्वराज्यात का चालवून घ्यावा? परंतु समानतेच्या या आग्रहाची किंमत खेड्याने मोजली. वैद्यकीय शाळा हळूहळू बंद झाल्या किंवा महाविद्यालये झाल्या, आणि तिथून निघालेला पदवीधर शहरात राहिला, किंवा इंग्लंडला गेला.

दुसरी वाट दिसतच नव्हती, असे नाही. १९३८ साली काँग्रेसने नेमलेल्या राष्ट्रीय नियोजन समितीची आरोग्यावर एक उपसमिती होती. तिचे अध्यक्ष होते मुंबईच्या परळमधील हाफकिन संस्थेचे संचालक साहिबसिंग सोखी. दर हजार वस्तीमागे एक आरोग्यसेवक असावा, तो त्याच समाजातला असावा, आणि त्याला काही महिन्यांचे व्यवहारोपयोगी शिक्षण द्यावे, अशी तिची शिफारस. हा अहवाल १९४८ साली छापला गेला आणि तसाच राहिला. सत्तरच्या दशकात रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी जामखेडला गावातल्या, बहुधा निरक्षर, स्त्रियांना प्रशिक्षण देऊन जे करून दाखवले, ते पाहायला जगभरातून लोक येऊ लागले. त्यांच्या मनात सोखी उपसमितीचा हा कागद असेल असे वाटत नाही. पण नाते स्पष्ट आहे. मग १९७८ साली अल्मा-आताच्या जाहीरनाम्यातून तीच कल्पना आंतरराष्ट्रीय मोहोर घेऊन आपल्याकडे परत आली. परळहून निघालेली गोष्ट जामखेडला पोचायला जगाचा फेरा करावा लागतो!

भोर समितीवर केवळ दोष ठेवणे बरोबर नाही, हेही इथे नोंदवले पाहिजे. गावोगाव आरोग्यसमित्या असाव्यात, डॉक्टरच्या शिक्षणात प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यक असावे, हे तिनेच सांगितले. आणि तिच्या हाती एक मोठी उणीव होती, जी तिच्या शिफारशींनी भरून येणारी नव्हती. सास्काचेवानच्या पालिकेला कर बसवण्याचा अधिकार होता, आणि तो बसवणारे लोक तेच होते ज्यांच्या घरी डॉक्टर यायचा. आपल्याकडे १९१९ च्या सुधारणांनी आरोग्य हे खाते प्रांतांकडे सोपवले, परंतु पैसा देणारी खाती वरच ठेवली. जिल्हा लोकल बोर्डाचा दवाखाना हा लोकांनी काढलेला नव्हता. तो आलेला होता, आणि जाऊही शकत होता. ज्याला कर बसवता येत नाही, त्याला डॉक्टरला जाबही विचारता येत नाही. देशोदेशींच्या खाटा मोजणाऱ्या तक्त्यात हा रकाना नव्हता. आजही जागतिक क्रमवारीच्या याद्या निघतात, त्यांत तो सहसा नसतो.

स्वातंत्र्यानंतर, १९५२ सालच्या समूहविकास कार्यक्रमात प्राथमिक आरोग्यकेंद्रे निघाली ती विकासगटाला एक, म्हणजे सुमारे लाखभर वस्तीला एक, या मानाने. पुढे प्रमाण सुधारले; मैदानी भागात तीस हजारांना आणि डोंगरी-आदिवासी भागात वीस हजारांना एक केंद्र, हा निकष झाला. मात्र खाटा सहाच्या घरात. ज्या वस्तीला भोर यांनी पंचाहत्तर योजल्या होत्या, तिला सहा. माझ्या आजोळच्या गावाजवळच्या केंद्रात मी लहानपणी त्या सहा खाटा मोजल्या आहेत. त्यांपैकी दोन औषधांच्या खोक्यांनी भरलेल्या असत, आणि एका वर्षी डॉक्टरांची जागा पावसाळाभर रिकामी होती. आजी सर्पदंश झालेल्या शेजाऱ्याला घेऊन बैलगाडीने निघाली होती, ती केंद्राच्या दारापर्यंत जाऊन तशीच तालुक्याकडे वळली. त्या माणसाचे काय झाले हे घरात पुढे कधी बोलले गेले नाही.

२०१८ सालच्या आयुष्मान भारत योजनेने पाच लाखांपर्यंतच्या इस्पितळखर्चाचे संरक्षण कोट्यवधी गरीब कुटुंबांना देऊ केले. तिच्यावरील चर्चेत पुन्हा जर्मनी, थायलंड, ब्रिटन यांची नावे आली. लॉइड जॉर्ज यांच्या धक्क्यावरच्या खुर्च्या अजून मांडलेल्याच आहेत. इस्पितळाचे बिल कोणी भरायचे, याची चर्चा त्या खुर्च्यांवर बसून करता येते. केंद्राच्या दारातून बैलगाडी कोठे वळवायची, याची नाही.

सिगरिस्ट १९४७ साली बाल्टिमोर सोडून स्वित्झर्लंडमधल्या पुरा या खेड्यात राहायला गेले, वैद्यकाचा समग्र इतिहास लिहिण्यासाठी. आठ खंडांचा संकल्प होता. १९५७ साली ते वारले तेव्हा एकच छापून झाला होता. दुसरा १९६१ साली निघाला. त्यात ग्रीक आणि इराणी वैद्यकाबरोबर प्राचीन भारतीय वैद्यक आहे. तरुणपणीची पौर्वात्य भाषांची ओढ तिथे पुन्हा भेटते. भारतात आले असताना त्यांनी आणखी एक टिपण समितीला दिले होते : या देशात वैद्यकाच्या इतिहासाची स्वतंत्र संस्था असावी. ही सूचना मात्र प्रत्यक्षात आली. १९५६ साली हैदराबादेत वैद्यकेतिहासाचा विभाग सुरू झाला, आणि त्याच वर्षी दिल्लीत, न्यूझीलंडने दिलेल्या मदतीच्या आधाराने, अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचा कायदा झाला.